पालकांचे प्रश्न : स्वमग्न मुलांची समानुभूती आणि नियम शोधणारे मन

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना दुसऱ्याच्या भावना कळतात का, आणि वेळापत्रके, यंत्रे, नकाशे, आकडे यांत रमणाऱ्या त्यांच्या बुद्धीचा या प्रश्नाशी काय संबंध आहे, असे पालक आणि शिक्षक विचारत आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम असल्याचे निदान चौथ्या वर्षी झाले. तो बोलतो, नेहमीच्या शाळेत जातो. दिवाळीनंतर माझे वडील गेले. बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून रडत होते. तो आला, माझ्याकडे पाहिले आणि "कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायचा राहिला" असे म्हणून निघून गेला. पुढचे दहा दिवस घर माणसांनी भरलेले होते आणि तो बहुतेक वेळ गच्चीवर बसून होता. माझ्या जाऊबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "याला मायाच नाही." ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये समानुभूती नसते, असे मीही वाचले आहे. हे खरे आहे का? — एक आई, नाशिक

उत्तर : नाही, हे खरे नाही. हे विधान जितक्या सर्रास केले जाते तितका आधार त्याला कधीच नव्हता, आणि त्यावरून मुलाच्या मायेविषयी काढलेला निष्कर्ष तर कोणत्याही संशोधनातून निघत नाही. वडिलांच्या जाण्याचे दुःख ताजे असताना तुम्हाला हे शब्द ऐकावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपण जिला समानुभूती म्हणतो, तिच्यात निदान तीन गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखता यावे लागते. ते ओळखल्यावर आपल्याही मनात काही हलावे लागते. आणि मग त्या माणसाला बरे वाटेल असे काय करावे हे सुचून ते करता यावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला यांतली फक्त तिसरी गोष्ट दिसते. ती दिसली नाही की आधीच्या दोन्ही नाहीत असे आपण धरून चालतो, आणि स्वमग्न मुलांवर अन्याय होतो तो नेमका याच ठिकाणी.

या समजुतीचे मूळ बरेचसे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. लंडनमधील सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या संशोधकांनी मुलांना दोन बाहुल्यांचा छोटासा प्रसंग दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना ॲन ती गोटी काढून पेटीत ठेवते. आता परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? सामान्य विकासाच्या २७ बालकांपैकी २३ जणांनी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनी टोपलीकडे बोट दाखवले. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी मात्र गोटी जिथे खरोखर होती ती पेटी दाखवली. प्रयोग चोख होता आणि त्याने या क्षेत्राला दिशा दिली. तथापि त्यात तपासली गेली ती पहिल्या टप्प्यातलीही एकच गोष्ट, म्हणजे दुसऱ्याची समजूत वस्तुस्थितीपेक्षा वेगळी असू शकते हे उमगणे. गोटी हरवलेल्या सॅलीबद्दल मुलाला काय वाटले, हे कोणी विचारलेच नव्हते. शिवाय चार स्वमग्न मुलांनी बरोबर उत्तर दिले होते, हेही पुढे सांगितले जाईनासे झाले.

ही चाचणी भाषेवर आणि घरातल्या संवादावर किती अवलंबून आहे, हे १९९५ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसले. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी वाढणाऱ्या कर्णबधिर मुलांनाही ती बऱ्याच मोठ्या वयापर्यंत जड जाते, कारण घरात समान भाषा नसल्याने मनातल्या गोष्टींविषयीचे बोलणे त्यांच्या वाट्याला फार कमी येते. त्या मुलांच्या मायेवर कोणी शंका घेतली नाही.

दुसऱ्या टप्प्याविषयी, म्हणजे मनात काही हलण्याविषयी, २०१० साली ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. इतरांशी निष्ठुरपणे वागणारे मुलगे आणि स्वमग्न मुलगे यांची त्यात तुलना केली होती. स्वमग्न मुलग्यांना दुसऱ्याच्या विचारांचा अंदाज घेणे जड गेले. मात्र दुसऱ्याला इजा झाल्यावर वाटणाऱ्या भावनेत ते इतर मुलांपेक्षा कमी नव्हते. निष्ठुर वागणाऱ्या मुलग्यांचे चित्र अगदी उलट होते. समोरच्याच्या मनातले त्यांना ओळखता येत होते, पण त्याने त्यांच्या मनात फारसे काही हलत नव्हते. वरवर पाहता दोघांनाही लोक 'भावनाशून्य' म्हणतील, आणि तरी ही दोन मने एकमेकांपासून इतकी दूर आहेत.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. जवळजवळ निम्म्या स्वमग्न व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणे अवघड जाते. छातीत धडधडते, पोटात कालवते, पण हे दुःख आहे, भीती आहे की भूक आहे, ते सांगता येत नाही. जोडीदाराला वेदना होत असताना प्रौढ व्यक्तींच्या मेंदूत काय घडते, हे २०१० सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात तपासले गेले, तेव्हा प्रतिसाद कमीजास्त होण्याचा संबंध या अडचणीशी असल्याचे आढळले, ऑटिझमशी नव्हे.

तुमच्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय होते, हे दुरून सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु आई नेहमीसारखी नाही आणि जे काम ती कधी विसरत नाही ते आज राहिले आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि ते त्याने तुम्हाला येऊन सांगितले, एवढे तुमच्या पत्रातच आहे. रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचे असते, हे त्याला कोणी कधी शब्दांत सांगितले होते का? इतर मुले ते पाहून पाहून उचलतात. त्याला ते उघड सांगावे लागेल. "आजोबा वारले म्हणून मला रडू येते. तुझे काही चुकलेले नाही. तू शेजारी बसलास किंवा पाणी आणून दिलेस तर मला बरे वाटेल," इतक्या सरळ भाषेत सांगावे, आणि ते हुकमाच्या सुरात नसावे. गच्चीवर जाऊन बसण्याचा अर्थही आवाज, गर्दी आणि एकाच वेळी होणारा अनेकांचा आक्रोश असह्य होणे, असा असू शकतो; भावना कमी असल्याने नव्हे, तर फार झाल्याने दूर जाणारी मुले मी पाहिली आहेत. त्याचे स्वतःचे दुःखही उशिरा आणि वेगळ्या रूपात बाहेर येऊ शकते. आजोबांच्या वस्तूंविषयी पुन्हा पुन्हा प्रश्न, झोप किंवा जेवण बिघडणे, एखाद्या क्षुल्लक बदलावरून अनावर होणे, असे काही दिसल्यास त्याला हट्ट समजू नका.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. मुलांमधील समानुभूती आणि पद्धतशीर विचार यांना गुण देणारी एक प्रश्नावली असल्याचे एका प्रशिक्षणात ऐकले. ऑटिझम म्हणजे 'अतिपुरुषी मेंदू', असेही तेथे सांगण्यात आले. ही प्रश्नावली वर्गात वापरून अशी मुले ओळखता येतील का? — एक शिक्षिका, लातूर जिल्हा

उत्तर : प्रश्नावली खरी आहे, परंतु त्या कामासाठी ती वापरू नका.

बॅरन-कोहेन यांनीच पुढे केंब्रिजमध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मनाच्या दोन प्रवृत्ती प्रत्येकात कमीअधिक असतात. एक समानुभूतीची, दुसरी पद्धतशीर विचाराची, म्हणजे 'अमुक केले की तमुक होते' असा नियम शोधण्याची आणि त्यावरून पुढचे भाकीत करण्याची. तो नियम पाण्याच्या मोटारीचा असेल, पंचांगाचा असेल, व्याकरणाचा असेल किंवा क्रिकेटच्या धावफलकाचा असेल. २००९ साली या गटाने ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी पालकांनी भरायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुसऱ्यांची काळजी घेणे मुलाला आवडते का, यंत्र कसे चालते याची त्याला उत्सुकता आहे का, अशा स्वरूपाची विधाने तिच्यात आहेत. सामान्य विकासाच्या १,२५६ आणि स्वमग्न २६५ मुलांच्या पालकांनी दिलेल्या उत्तरांवरून असे दिसले की सरासरीने मुलींचे समानुभूतीचे गुण मुलग्यांपेक्षा जास्त, मुलग्यांचे पद्धतशीर विचाराचे गुण मुलींपेक्षा जास्त, आणि स्वमग्न मुलांचे समानुभूतीचे गुण सामान्य मुलग्यांहूनही कमी, तर पद्धतशीर विचाराचे त्यांच्याहूनही अधिक होते. 'अतिपुरुषी मेंदू' ही संज्ञा अशा निष्कर्षांवर उभी आहे.

यातील 'सरासरीने' हा शब्द वर्गात शिरताना दाराबाहेर राहून जातो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. गटांच्या सरासऱ्या वेगळ्या असल्या तरी गटांतील मुलांचे गुण एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेले असतात. त्यामुळे एका मुलाच्या गुणांवरून ते कोणत्या गटातले, हे सांगता येत नाही. शिवाय हे गुण मुलाच्या मनाचे थेट मोजमाप नसून पालकांना बाहेरून जे दिसले त्याचे आहे. समानुभूतीचे जे तीन टप्पे मी नाशिकच्या पत्राच्या उत्तरात सांगितले, त्यांत पालकांना ठळक दिसतो तो तिसरा. मुलीने पाहुण्यांना पाणी नेऊन दिले की ती समंजस आणि मुलाने रेडिओ उघडला की तो हुशार, अशा नजरेने पाहणाऱ्या समाजात आईवडिलांची उत्तरे त्या नजरेतून सुटतील, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

'अतिपुरुषी मेंदू' ही संज्ञा तर शिक्षकांनी वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने मुलींचे फार नुकसान होते. एका मुलीमागे चार स्वमग्न मुलगे, असे प्रमाण दीर्घकाळ सांगितले जात असे; २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा ते तीनास एकच्या जवळ असल्याचे आणि निदानावाचून राहणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय असल्याचे पुढे आले. मैत्रिणींची नक्कल करून, हसायचे तेव्हा हसून, दिवसभर स्वतःला सावरून घरी येताच कोलमडणारी मुलगी 'शांत आणि शहाणी' म्हणून वर्गात नजरेआड होते. पुरुषी मेंदू शोधणाऱ्या शिक्षकाला ती कधीच दिसणार नाही.

आपले काम निदानाचे नाही, निरीक्षणाचे आहे, आणि ते मोलाचे आहे. मूल कोणत्या प्रसंगी गोंधळते, कोणत्या आवाजाने कान झाकते, सूचना लिहून दिली तर जमते आणि तोंडी दिली तर जमत नाही का, हे तारखेसह टिपून ठेवा. शंका वाटल्यास पालकांशी एकांतात बोला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा ती टिपणे त्यांना दाखवा. तेथून मुलाला जिल्हा पातळीवरील 'डीईआयसी' म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी प्रशिक्षित तज्ज्ञ वापरतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश असल्याने शाळेतील सोयी हा मुलाचा हक्क आहे, हेही पालकांना आवर्जून सांगा.

प्रश्न : माझी सात वर्षांची स्वमग्न मुलगी कदंबच्या बसगाड्यांचे मार्ग आणि वेळा तोंडपाठ सांगते. फोंड्याहून पणजीची, मडगावची बस किती वाजता आणि कोणत्या थांब्यांवरून जाते, हे ती मोठ्या माणसांना सांगते. दुसऱ्या कोणत्याही विषयावर मात्र ती फार बोलत नाही. हे वेड मोडून काढा, म्हणजे ती माणसांत येईल, असे एका परिचितांनी सुचवले. काय करावे? — एक वडील, फोंडा

उत्तर : मोडून काढू नका. बसच्या वेळापत्रकाने माणसांची जागा अडवली आहे आणि ते काढून घेतले की रिकाम्या जागेत माणसे येतील, अशी मनाची रचना नसते. समानुभूती आणि पद्धतशीर विचार ही तराजूची दोन पारडी नव्हेत. दोन्हींचे गुण वेगवेगळे मोजले जातात आणि एकाच मुलात दोन्ही भरपूर असू शकतात.

तिच्या बुद्धीची ही ठेवण नवी नाही. १९८३ साली अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी दाखवले की गुंतागुंतीच्या चित्रात दडलेला आकार शोधण्यात स्वमग्न मुले तुल्य मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरतात. १९८६ सालच्या दुसऱ्या प्रयोगात मुलांना चित्रे क्रमाने लावून गोष्ट तयार करायची होती. दगड घरंगळत जाऊन पाण्यात पडतो, अशा कार्यकारणाच्या गोष्टी स्वमग्न मुलांनी उत्तम लावल्या. गोष्टीतल्या एखाद्याला काय माहीत नाही हे समजून घ्यावे लागते अशा गोष्टींत ती अडखळली. म्हणजे क्रम लावणे, कारण शोधणे, पुढे काय होईल ते ओळखणे हे सारे शाबूत होते. माणसांचे वागणे मात्र दगडासारखे नियमाने चालत नाही. तोच काका एकदा थट्टेने रागावतो आणि एकदा खरोखर रागावतो, आणि फरक फक्त आवाजाच्या एका छटेत असतो.

म्हणून पद्धतशीर विचाराच्या वाटेनेच माणसांकडे जाण्याचे प्रयत्न झाले आहेत. केंब्रिजच्या गटाने आगगाड्या, ट्राम आणि केबलकार यांना खऱ्या माणसांचे चेहरे देऊन मुलांसाठी चित्रफिती तयार केल्या. ४ ते ७ वर्षांच्या स्वमग्न मुलांनी त्या चार आठवडे रोज पाहिल्यावर चेहऱ्यांवरील भावना ओळखण्यात चांगली सुधारणा झाली. नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांत हे यश तितके मोठे दिसले नाही, आणि पडद्यावरचे ओळखणे प्रत्यक्ष खेळात उतरेलच असे नाही. मला स्वतःला अधिक आशादायक वाटते ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी २००४ साली मांडलेले काम. त्यात मुले गटाने लेगोच्या ठोकळ्यांची वस्तू बनवतात. एक मूल नकाशा वाचून सांगते, दुसरे हवे ते तुकडे शोधून देते, तिसरे जोडते, आणि मग भूमिका बदलतात. दुसऱ्याला काय दिसत नाही, त्याला काय सांगावे लागेल, हे येथे उपदेशाने नव्हे तर कामाच्या गरजेने उमगते. त्यासाठी महागडे ठोकळेच हवेत असे नाही.

तुमच्या घरी बस आहेच. एके दिवशी तिला तिकिटे देणारी होऊ द्या आणि तुम्ही वाट चुकलेले प्रवासी व्हा: "मला दवाखान्यात जायचे आहे आणि बस आत्ताच सुटली, आता मी काय करू?" प्रवाशाला काय माहीत नाही, तो घाबरला असेल का, त्याला कोणते वाक्य उपयोगी पडेल, हे सारे प्रश्न तिच्या आवडत्या जगातच उभे राहतात. शेजारच्या एखाद्या मुलाला गाड्या आवडत असतील तर दोघांना एकत्र आणा. पहिली मैत्री सामाईक आवडीतून होते, ती इतर मुलांचीही तशीच होते. आवडीमुळे झोप, जेवण किंवा शाळा बिघडत असेल, अथवा वेळापत्रक चुकले की तिला असह्य त्रास होत असेल, तरच त्या त्रासावर थेरपिस्टची मदत घ्या. आणि आणखी एक विनंती : तिच्या या पाठांतराचे पाहुण्यांसमोर प्रदर्शन मांडू नका. प्रत्येक स्वमग्न मुलात असे कौशल्य असतेच असे नाही, आणि ज्यांच्यात ते नाही त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे आणि माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. तो सातवीत आहे. लहानपणापासून सगळे मला सांगतात, "त्याला कळत नाही, तू समजून घे." मी दमले आहे. त्याच्या वर्गातली मुले त्याला टाळतात, तेव्हा मला राग येतो. आणि तोच मला तोडून बोलतो, तेव्हाही राग येतो. समजून घेणे हे नेहमी एकाच बाजूचे काम असते का? त्याच्या वर्गात जाऊन मी काही सांगावे का? — एक ताई, पुणे

उत्तर : तुझा थकवा खरा आहे, आणि तो सांगितलास हे चांगले केलेस. घरातल्या एकाच मुलीवर समजूतदारपणाचे सगळे ओझे टाकणे योग्य नाही. हे पत्र आईबाबांना दाखवलेस तरी चालेल.

तुझा प्रश्न संशोधकांनीही विचारला आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली म्हटले की अडचण एका माणसाच्या डोक्यात नसून दोन माणसांच्या मधल्या जागेत असते. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसे इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचता येत नाही. पुढे एडिंबरामध्ये २०२० साली प्रौढांच्या साखळीत एकाकडून दुसऱ्याकडे माहिती देण्याचा प्रयोग झाला. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीने इतरांइतकीच नीट माहिती पोहोचवली आणि गळती मिश्र साखळीत जास्त झाली. त्यानंतर झालेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीही मागे पडली नाही, त्यामुळे मिल्टन यांच्या मांडणीतला हा भाग अजून पक्का म्हणता येत नाही. स्वमग्न माणसे आपापसांत नीट संवाद साधतात, एवढे मात्र दोन्ही वेळा दिसले.

तुझ्या भावाच्या वर्गाला लागू पडेल असा अभ्यास २०१७ सालचा, अमेरिकेतील आहे. अनोळखी लोकांना स्वमग्न व्यक्तींच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा यांच्याशी बोलायला नको असा कल पाहणाऱ्यांमध्ये लगेच दिसला. त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ लिहून वाचायला दिले तेव्हा तो कल नाहीसा झाला. म्हणजे मुले त्याला टाळतात ती कदाचित तो काय म्हणतो त्यामुळे नाही, तर आवाजाची पट्टी, नजर, हातांची हालचाल यांमुळे, आणि ऐकून घेण्याच्या आधीच.

समजून घेण्याची कुवत सामान्य मुलांतही आपोआप पुरी होत नाही. अठरा महिन्यांच्या मुलाला समोरच्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे कळते, चौथ्या वर्षाच्या सुमारास त्याची समजूतही वेगळी असू शकते हे कळते; पण जो आपल्यासारखा दिसत-वागत नाही त्याच्यासाठी ही कुवत वापरणे प्रत्येक मुलाला शिकवावे लागते. ते शिक्षण त्याच्या वर्गमित्रांना मिळालेले नाही.

भावाने तोडून बोलल्यावर गप्प राहू नकोस. "तू असे म्हणालास तेव्हा मला वाईट वाटले, त्याऐवजी 'मला आता बोलायचे नाही' असे म्हण," असे त्याला सांग. राग शांत झाल्यावर, थोडक्या शब्दांत, हवे तर लिहून. त्याने नियम मागितला तर नियम दे. तो पाळण्याचा त्याचा प्रयत्न हीसुद्धा त्याने घेतलेली तुझी काळजीच असते.

वर्गात बोलण्याची कल्पना चांगली आहे, परंतु आधी त्याला विचार. आपल्याबद्दल काय सांगितले जावे, कोणी सांगावे आणि त्या वेळी आपण वर्गात असावे की नाही, हे बारा-तेरा वर्षांचा मुलगा ठरवू शकतो. त्याने होकार दिला तर वर्गशिक्षकांना बरोबर घे आणि काय बोलायचे ते त्याच्याबरोबर बसून लिहून काढ. नको म्हणाला तर वर्गशिक्षकांना कोणत्याही मुलाचे नाव न घेता, माणसांच्या वेगवेगळ्या स्वभावांवर एखादा तास घेण्याची विनंती आईबाबांनी करावी. ते काम तुझे नाही.